लकाकीची बाजू

पोस्टकार्ड सकाळी अकराला आलं आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं मनगट सरळ झालं. तेरा वर्षं ते वाकडं होतं. दिसायला नव्हे, दिसायला ते चारचौघांच्या मनगटासारखंच होतं, घड्याळ बांधायच्या लायकीचं. पण आत कुठेतरी त्याला एक खोड आहे, चेंडू हातातून सुटायच्या क्षणी ते आपल्या मनाविरुद्ध वळतं, अशी माझी, आईबाबांची आणि गल्लीतल्या निदान अकरा जणांची पक्की समजूत होती. माणसाला एखादी समजूत तेरा वर्षं पुरली की तो तिच्याभोवती बाकीचा माणूस बांधून घेतो. मीही घेतला होता. कुलपात किल्ली उलटी गेली तर मनगट, सही कागदाबाहेर गेली तर मनगट, एका मुलीला चिठ्ठी द्यायची राहून गेली तेही मनगटच. आणि आता एका अनोळखी माणसाने निळ्या शाईत कळवलं होतं की त्यात काही नव्हतं.

कार्ड एका निवृत्त क्रीडाशिक्षकांचं होतं. ‘महोदय, आपल्या शारीरिक शिक्षण मार्गदर्शकात पान ८८ वर “इनस्विंग व आउटस्विंग : फरक स्पष्ट करा” या प्रश्नाच्या उत्तरात मुद्दा क्र. २ व ३ चे रकाने परस्परांत बदललेले आहेत. माझी एक विद्यार्थिनी पुस्तकाप्रमाणे आउटस्विंग टाकण्यास गेली असता चेंडू आत आला. पुन्हा टाकला, पुन्हा आत आला. पोरगी गुणी आहे. ती आता पुस्तकाला नव्हे, स्वतःच्या हाताला दोष देते. कृपया दुरुस्ती करावी.’

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक जिना. खाली टायरचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या सगळ्या पुस्तकांना रबराचा वास येतो आणि मुलांना तो ज्ञानाचा वाटतो. आम्ही परीक्षेची मार्गदर्शकं काढतो. कामाची वाटणी प्रश्नांच्या प्रकारांनुसार आहे. व्याख्या एक बाई लिहितात, त्यांना व्याख्याबाई म्हणतात. त्या कशाचीही व्याख्या करू शकतात, नवरा सोडून, असं त्या स्वतःच सांगतात. ‘कारणे द्या’ एका म्हाताऱ्या मास्तरांकडे. ‘फरक स्पष्ट करा’ माझ्याकडे. गेली सहा वर्षं मी साडेनऊ ते सहा जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी शेजारीशेजारी उभ्या करतो आणि मधे रेघ ओढतो. धमनी आणि शीर. हवा आणि हवामान. हक्क आणि कर्तव्य. नियम दोनच. मुद्दे किमान सहा हवेत, आणि दोन्ही रकाने सारख्या उंचीचे हवेत. एका बाजूला ओळ कमी पडली तर मुलांचा विश्वास उडतो, असं संपादकांचं मत. संपादकांना आम्ही अर्धविराम म्हणतो, कारण ते वाक्याच्या मधोमध थांबून चष्मा पुसतात आणि उरलेलं वाक्य कधी कधी दुसऱ्या दिवशी पूर्ण करतात. निसर्गात बहुतेक गोष्टींत अडीच-तीनच फरक असतात. उरलेले साडेतीन मी पुरवतो.

“चूक आहे का?” अर्धविरामांनी विचारलं.

“बघतो.”

“बघ. असेल तर पुढच्या आवृत्तीत काढू. नसेल तर…” त्यांनी चष्मा पुसला. “तीन आवृत्त्या झाल्या ना? मुलांना मार्क पडले?”

“पडले. तपासणारेही आपलंच मार्गदर्शक घेऊन बसतात.”

“मग चूक कसली? परंपरा झाली ती.”

व्याख्याबाई मान वर न करता म्हणाल्या, “परंपरा म्हणजे एकाने केलेली व सर्वांनी नीट उतरवून घेतलेली चूक. दोन गुण.”

मी हसलो. हसताना माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात टेबलाखाली गेलाय आणि तिथे नसलेला चेंडू धरून बसलाय. मुद्दा क्रमांक एक बरोबर होता : इनस्विंग फलंदाजाच्या अंगाकडे आत येतो, आउटस्विंग अंगापासून बाहेर जातो. हे शेंबडं पोरही सांगेल. मुद्दा क्रमांक दोन : लकाकी. चेंडूची एक बाजू खेळाडू घासूनपुसून चकचकीत ठेवतात, दुसरी खरबरीत होऊ देतात. उजव्या हाताच्या गोलंदाजाने आउटस्विंगसाठी चकचकीत बाजू डावीकडे ठेवावी, असं मी लिहिलं होतं. मुद्दा क्रमांक तीन : शिवण. तीही त्याच हिशेबाने, उलट बाजूला कललेली. मी हे कुठून घेतलं होतं? पुस्तकातले बाकी सगळे फरक मी कुठून ना कुठून उतरवले होते. हा एकच नव्हता. हा मी कुठलंही पुस्तक न उघडता, एका दमात, जरा अभिमानाने लिहिला होता, कारण हा मला येत होता. मार्गदर्शकाच्या तीनशे चाळीस पानांत स्वानुभवावर आधारलेलं असं ते एकच उत्तर.

आधी मी दुसऱ्या प्रकाशनाचं मार्गदर्शक काढून पाहिलं. तिथेही लकाकी डावीकडेच होती. जीव भांड्यात पडला. मग दिसलं की माझ्या उत्तरातला एक चुकीचा स्वल्पविरामही तिथे आहे. मग मास्तरांच्या कपाटातून एक जुनं, वाळवीने कडा खाल्लेलं प्रशिक्षणाचं पुस्तक निघालं. त्यात चित्र होतं. गोलंदाज पाठमोरा, त्याच्या पलीकडे फलंदाज, आणि गोलंदाजाच्या हातात भोपळ्याएवढा चेंडू. आउटस्विंग. चकचकीत बाजू उजवीकडे. शिवण डावीकडे, स्लिपच्या दिशेने. चेंडू नेहमी खरबरीत बाजूकडे जातो. मी पुस्तक उलटं करून पाहिलं. मग स्वतः उठून पुस्तकाच्या मागे जाऊन उभा राहिलो. मास्तर म्हणाले, “अरे, चित्राची मागची बाजू कोरी असते.” अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. चेंडू तेरा वर्षांपूर्वी आत आला होता, कारण तो आत यायलाच धरला होता. मनगटाने सांगितलेलं काम चोख केलं होतं. आणि सांगितलं होतं दादाने.

आम्ही राहायचो त्या इमारतीत आणि शेजारच्या इमारतीत एक बोळ होता. एका बाजूला पाण्याचे पाइप, दुसऱ्या बाजूला लोकांच्या मोऱ्यांच्या खिडक्या, जमिनीवर कायम ओल. तिथे दादाने मला गोलंदाजी शिकवली. तो सतरा, मी चौदा. खरा, कातडी चेंडू आमच्याकडे नव्हता; क्लबात होता, आणि क्लबात दादा जायचा. घरी आमच्याकडे रबरी चेंडू होता आणि रबरी चेंडूसारखा सरळमार्गी प्राणी जगात नाही, कसाही धरा, तो नाकासमोर जातो. म्हणून दादाने आईच्या नेलपॉलिशने त्याची अर्धी बाजू रंगवली. गडद, कलेजी रंगाची. “ही शाइन समज,” तो म्हणाला, आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. “बघ माझ्याकडे. बाहेर काढायचाय ना? असा धर. माझ्यासारखा.” मी बघितलं. रंग माझ्या डावीकडे दिसत होता. मी धरला. “शाब्बास,” तो म्हणाला. दोन महिने मी रोज तो अर्धा रंगलेला, कधीही न वळणारा चेंडू टाकत राहिलो आणि मनातल्या मनात तो बाहेर जाताना बघत राहिलो. इतका सुंदर बाहेर जायचा तो. फलंदाज पुढे वाकायचा, बॅट यायची, आणि चेंडू जणू काही आठवल्यासारखा ऐन वेळी निघून जायचा. आईने महिनाभर बाटली शोधली. ती सापडली तेव्हा तळाला थेंबभर होतं आणि दादाने माझं नाव सांगितलं. ते मला तेव्हा चाललं. शिष्याने गुरूसाठी एवढं करायचंच असतं.

निवड चाचणीला क्लबात नव्या चेंडूच्या गोलंदाजाची एकच जागा होती. दादा दोन वर्षं राखीवात बसून होता; ती त्याची, असं सगळे धरून चालले होते. मी सहज गेलो होतो, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. सहज नव्हतो गेलो. माझा वेग दादापेक्षा जास्त होता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, बोळातल्या पाइपांना माहीत होतं. क्लबाच्या सरांनी माझा नुसता धावत येण्याचा झपाटा बघितला आणि शिटी तोंडातून काढली. “काय टाकतोस?” “आउटस्विंग.” सरांनी तीन जण स्लिपमध्ये उभे केले. चौदा वर्षांच्या पोरासाठी तीन मोठी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिली, हा माझ्या आयुष्यातला सर्वोच्च मान. हातात पहिल्यांदाच खरा चेंडू. जड, थंड, त्याला वासही एखाद्या नव्या दप्तरासारखा. मी लकाकी डावीकडे धरली, धावलो, सोडला. तो वळला! एवढं मला कळलं, तो खराच वळतोय, आणि पुढच्या क्षणी कळलं की कुठे. फलंदाजाच्या मांडीत बसला. दुसरा त्याच्या मागून सीमेपार. तिसरा, चौथा. मी अधिकाधिक घट्ट, अधिकाधिक बरोबर धरत होतो आणि तो अधिकाधिक आत येत होता. स्लिपमधले तिघे सरळ उभे राहिले. एकाने जांभई दिली. सर म्हणाले, “बाळा, तुला आतबाहेर कळतं का?” पुढे तेच माझं नाव पडलं : आतबाहेर. माझ्यानंतर दादा आला. त्याने लकाकी कशी धरली होती ते मी पाहिलं नाही, मी खाली बघत होतो. पण एकामागोमाग एक आवाज ऐकू येत होता, बॅटची कड आणि स्लिपमधली टाळी. सर हसून म्हणाले, “एकाच घरातले दोघे, एक बाहेर काढतो, एक घरात घेतो.” दादाही हसला.

मग मनगट. आईने महिनाभर तेल लावून चोळलं. बाबा म्हणाले, हाडाचंच काहीतरी असणार, नाहीतर आमच्या घराण्यात कुणी असं आत येणारं नव्हतं. डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टर तो ओलाच उजेडात धरून म्हणाले, “मनगट सरळ आहे हो, माणूस वाकडा असेल.” बाबा सोडून सगळे हसले; एक्स-रेत दिसत नाही ते आत आहे, असं घरात ठरलं. फोटो वाळून दुसऱ्या दिवशी मिळणार होता. तो आणायला दादा गेला. मोठ्या पिवळ्या पाकिटात घालून, दोन्ही हातांनी छातीशी धरून, उन्हातून चालत आणला. मी खिडकीतून बघत होतो. मला भरून आलं होतं. आपल्या भावाचं हाड दुमडू नये म्हणून हा केवढा जपतोय, असं वाटलं होतं.

ऑफिसातल्या खुर्चीत बसून मी या सगळ्याचे दोन रकाने पाडले. सवय. डावीकडे : चुकून. तो समोर उभा होता, आरशासारखा. त्याची उजवी ती माझी डावी. त्याने बरोबर धरला, मी उलटा घेतला. सतरा वर्षांच्या मुलाच्या हे लक्षातही येणार नाही. उजवीकडे : मुद्दाम. एक जागा, माझा वेग, नेलपॉलिशच्या बाबतीत सांगितलेलं नाव. मुद्दे मोजले तर दोन्हीकडे सारखेच भरत होते आणि त्याचा मला संताप आला. शेवटी सगळं एका गोष्टीवर येऊन अडलं. बोळाची रुंदी. बोळ इतका अरुंद होता का, की तो माझ्या शेजारी उभाच राहू शकत नव्हता? तसं असेल तर बिचारा काय करणार. पण शेजारी उभं राहायला जागा असताना तो समोर जाऊन उभा राहिला असेल, तर मग. तर मग काय ते मला पूर्ण करता येईना. अर्धविरामांसारखा मी तिथेच थांबून डोळे पुसायला लागलो. डोळ्यांत काही नव्हतं.

“डोकं दुखतंय, जातो,” मी पाच वाजता म्हणालो.

“कुठलं?” व्याख्याबाई म्हणाल्या. “डावं की उजवं?”

जुनी इमारत ऑफिसपासून चाळीस मिनिटं चालत. बोळ तिथेच होता. माणसं मोठी होतात, बोळ होत नाहीत. पाइप नवे घातले होते, प्लास्टिकचे, करड्या रंगाचे. एका टोकाला दोन मोटरसायकली. मी मधोमध उभा राहिलो आणि हात पसरले. दोन्ही तळवे भिंतींना टेकले आणि कोपरं पार दुमडलेली राहिली. म्हणजे माझ्या हातांच्या पसाऱ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. दोन माणसं शेजारीशेजारी? मी डाव्या भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि उरलेली जागा पाहिली. मग उजव्या भिंतीला चिकटून पाहिली. एक सतरा वर्षांचा हडकुळा मुलगा आणि एक चौदा वर्षांचा मुलगा मावले असते. खांदे घासले असते. पाइपाचं गार पाणी शर्टाला लागलं असतं. थोडं प्रेम असतं तर मावले असते. वरून मोरीच्या खिडकीतून एक बाई म्हणाली, “काय हो, काही हरवलं का?” “नाही, मोजतोय.” “महापालिकेचे का?” मी हो म्हणालो. “मग हे पाइपचं बघा की जरा, रात्रंदिवस टिपटिप चालू असते,” ती म्हणाली. मी पाइप बघितला. खरंच गळत होता. “कळवतो,” असं सांगून मी निघालो. त्या दिवसात मला कुणीतरी विश्वासाने सांगितलेलं ते एकच वाक्य.

दादाला खेळावर नोकरी लागली. पाणीपुरवठा खात्यात, त्यांच्या संघाला बाहेर काढणारा हवा होता. सहा वर्षं खेळला. मग खांदा गेला. आता तो त्याच खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसतो आणि उजवा हात कानाच्या वर नेऊ शकत नाही. वरच्या खणातल्या फायली शिपाई काढून देतो. त्याच्या घराखाली मी थोडा थांबलो; वर गेलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि तो नुकताच आला होता. वहिनी आत स्वयंपाकघरात होती. त्याने मला बघून डावा हात वर केला.

“अरे आतबाहेर! आज वाट कशी चुकलास?”

हे नाव तो अजून वापरतो. लाडाने. मी बसलो नाही. बोळापासून दारापर्यंत मी एक वाक्य तयार करत आलो होतो, उपरोधिक, तीन कलमी. त्यातलं काही आठवेना.

“दादा, आउटस्विंगला शाइन कुठल्या बाजूला?”

“उजव्या,” तो म्हणाला. लगेच. एखाद्याला नाव विचारावं तसं. आणि मग त्याचं तोंड थोडंसं उघडं राहिलं.

“मला डावी सांगितली होतीस.”

तो बुटाची नाडी सोडत होता. सोडत राहिला. ती सुटली तरी सोडत राहिला. “मी समोर उभा होतो ना,” तो म्हणाला. “आरशासारखं झालं ते. माझी उजवी, तुझी डावी. मला काय माहीत तू तसंच्या तसं धरशील.”

“माझ्यासारखं धर म्हणालास.”

“हो. म्हणालो.”

म्हणजे डावा रकाना. चुकून. माझ्या अंगातून काहीतरी उतरत गेलं, आणि खरं सांगायचं तर ते बरं वाटलं नाही. दिवसभर मी एवढा मोठा गुन्हा पाठीवर घेऊन चाळीस अधिक पंचवीस मिनिटं चाललो होतो आणि आता तो ठेवायला जागा नव्हती. माझं नशीब असं की माझं वाटोळंसुद्धा कुणी मुद्दाम केलेलं नाही. मी बसलो. मी काहीतरी म्हणणार होतो, गमतीचं, त्या पोस्टकार्डाबद्दल, त्या मुलीबद्दल. तेवढ्यात तोच म्हणाला, बुटाकडे बघत :

“कळलं होतं मला.”

“काय?”

“चाचणीच्या सकाळी. मी आरशासमोर भांग पाडत होतो. एका हातात चेंडू होता, आदल्या दिवशी क्लबातून आणलेला, माझ्या सवयीने धरलेला. आरशात बघितलं तर उलटा. आणि आरशातच मागे तू होतास, बेसिनपाशी. तुझ्या हातात ब्रश होता पण बोटं तू तशीच धरली होतीस, चेंडूला धरतात तशी. ब्रशला. आणि ती उलटी होती. तेव्हा कळलं.”

“मग सांगायचं होतंस.”

“तू दात घासत होतास.”

मी थांबलो. मला वाटलं, पुढे काहीतरी असेल.

“तोंडात फेस होता तुझ्या,” तो म्हणाला.

“माझ्या तोंडात होता. तुझ्या नव्हता.”

त्याने मान हलवली. हो म्हणून. दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंच. “म्हटलं, चूळ भरली की सांगू. तू चूळ भरलीस आणि आई आली. म्हटलं, वाटेत सांगू. वाटेत तू इतका गप्प होतास. म्हटलं, तिथे गेल्यावर. तिथे सरांनी तुलाच आधी बोलावलं. मग त्यांनी तीन स्लिप लावले. मला दोन वर्षांत कधी तीन लावले नव्हते, माहितीये तुला? मग म्हटलं, बघू. एखादे वेळी आपलीच समजूत चुकीची असेल.”

“आणि एक्स-रे?”

“तो मीच आणायला गेलो होतो.”

“ते माहितीये. मी खिडकीतून बघत होतो.”

“मला काय वाटत होतं सांगू? डॉक्टर सरळ म्हणाले तरी काहीतरी निघावं त्यात. एखादा बारीक तडा. निघाला असता तर…” त्याने उजवा हात उचलायला घेतला, तो खांद्याशी अडला, मग डाव्याने कपाळ पुसलं. “मला दुसरं काही येत नव्हतं रे. तुला निदान वाचायला आवडायचं.”

या वाक्याला मी काय करावं? ते खरं होतं. मला वाचायला आवडायचं. ‘मुद्दाम’ आणि ‘चुकून’ यांच्या मधल्या रेघेवर, जिथे मी सहा वर्षांत कधी काही लिहिलं नाही, तिथे माझा भाऊ तेरा वर्षं उभा होता, हातात कंगवा घेऊन, मी चूळ भरायची वाट बघत. मला ओरडायचं होतं. मला त्याच्या त्या खांद्यावर एक गुद्दा घालायचा होता, बरोबर दुखतं तिथे, आणि विचारायचं होतं की पहिला चेंडू टाकताना, प्रत्येक मॅचला, खात्याचा पांढरा गणवेश घालून, तुला मी दिसायचो का. शब्द अगदी जिभेवर आले होते. “दादा, तू…” मी म्हणालो, आणि वहिनी बाहेर आली. दोन्ही हातांत ताटं, काखेत पाण्याची बाटली धरलेली, चेहऱ्यावर तो पाहुण्याला पाहून होणारा खरा आनंद.

“भावजी, जेवूनच जायचं हं. नाही म्हणू नका, वाढलंयच. काय चाललंय दोघांचं एवढं?”

“असू दे,” मी म्हणालो.

मी ते दादाला म्हणालो. म्हणजे, आता असू दे, वहिनी आली, हिच्यासमोर नको, नंतर बोलू. घराघरात रोज दहा वेळा म्हणतात तसं. पण मी दादाकडे पाहिलं आणि मला दिसलं की त्याने काय ऐकलंय. त्याचा चेहरा, मी लहानपणापासून ओळखत असलेला, कडेने जरा करपलेला चेहरा, मोकळा होत गेला. आधी कपाळ, मग डोळ्यांखालचं, मग जबडा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वहिनीच्या हातातलं ताट घेतलं, माझ्यासमोर ठेवलं, सरळ करून ठेवलं, आणि म्हणाला, “असू दे म्हणालास ना? म्हणालास ना तू?”

असू दे. या शब्दाला बाजू नसते. तो कसाही धरा. मी म्हणू शकलो असतो की तसं नव्हे, तो अर्थ नव्हे. भाषेचं काम करतो मी, एवढा फरक स्पष्ट करायला मला दोन मिनिटं लागली नसती, सहा मुद्दे, सारख्या उंचीचे. वहिनी माझ्याकडे बघत होती. दादा बघत होता. माझ्या तोंडात घास होता. कधी घातला कोण जाणे.

मी मान हलवली.

मग तो जेवला. असा जेवला की वहिनीला पुन्हा आत जावं लागलं. मधेच हसला, खात्यातल्या साहेबाची नक्कल केली, मला दोनदा ‘घे रे’ म्हणाला. मला नावाने हाक मारली. खऱ्या. मी त्याला चिडवलं, त्याने मला चिडवलं, वहिनी म्हणाली, तुम्ही दोघे किती दिवसांनी असे. मी सगळ्याला हो हो करत होतो आणि मला वाटत होतं, माझ्या खिशातून याने आत्ता काहीतरी काढून घेतलं आणि मीच खिसा उघडा धरला.

रात्री झोप आली नाही, त्याचं विशेष नाही. सकाळी सातला वहिनीचा फोन आला. ती हळू बोलत होती, पलीकडे कुणाला ऐकू जाऊ नये तसं.

“भावजी, काल काय सांगितलंत हो यांना?”

“का? काय झालं?”

“अहो, घोरतायत. अजून! आठाची ड्यूटी आहे आणि उठवलं तरी उठत नाहीत. लग्न झाल्यापासून या माणसाला मी अशी झोप लागलेली पाहिली नाही. रोज तीनला उठून बेसिनपाशी जाऊन उभे राहतात. काय जादू केलीत सांगा तरी, मलाही उपयोगी पडेल.”

फोनमधून त्याचं घोरणं ऐकू येत होतं. संथ, खोल, एका लयीत आत आणि बाहेर. मी ते जरा वेळ ऐकत राहिलो.

“काही नाही वहिनी,” मी म्हणालो, “असंच. क्रिकेटचं.”